निन्टेन्डोनं यंत्र बनवणं का सोडू नये

घरात जुना, बंद पडलेला व्हिडिओ गेम असेल तर त्याचा कंट्रोलर एकदा उघडून बघा. मागचे स्क्रू काढले की आत फारसं काही नसतं. एक छोटा सर्किट बोर्ड, प्लास्टिकची बटणं आणि त्यांच्या मधोमध रबराचा मऊ तुकडा. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला म्हणून कधी उघडून पुसला असेल, तर हे रबर ओळखीचं वाटेल. त्यावर फुगवटे असतात आणि प्रत्येक फुगवट्याच्या आत कार्बनची काळी टिकली. बटण दाबलं की टिकली बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांना टेकते, तुटलेली वाट जुळते, वीज वाहते आणि बटण दाबल्याचं यंत्राला कळतं.

आता डाव्या बाजूचं, अधिकच्या चिन्हासारखं बटण पालथं करा. मध्यभागी एक लहानसा उंचवटा दिसेल. त्यावर ते बटण तराजूसारखं झुकतं. डावी बाजू खाली गेली की उजवी वर उचलली जाते, म्हणून डावं आणि उजवं एकदम दाबलंच जात नाही. चारही हात एकसंध असल्यामुळे अंगठा न उचलता दिशा बदलता येते आणि नजर पडद्यावरून हलवावी लागत नाही.

हे बटण निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचे अभियंते गुनपेई योकोई यांनी १९८२ साली घडवलं. 'डाँकी काँग' हा गेम त्यांना खिशात मावेल अशा, दुमडणाऱ्या यंत्रात बसवायचा होता आणि त्यात उभ्या दांडीची जॉयस्टिक मावणं शक्य नव्हतं. १९८३ मध्ये तेच बटण निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या यंत्राच्या कंट्रोलरवर आलं. नव्वदच्या दशकात आपल्याकडे पिवळ्या कॅसेटचा जो 'टीव्ही गेम' मिळायचा, तो बहुतेक वेळा या फॅमिकॉमची नक्कल असायचा. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं ज्यावर मारिओ खेळलो, ते यंत्र निन्टेन्डोनं बनवलेलं नव्हतं. पण अंगठ्याला जी सवय लागली ती योकोईंच्या त्या बटणाची.

हे आधी सांगण्याचं कारण म्हणजे एक जुना सल्ला. यंत्रं बनवायच्या भानगडीत निन्टेन्डोनं पडू नये, नुसते गेम करावेत आणि सोनी, मायक्रोसॉफ्ट, ॲपल यांच्या यंत्रांवर विकावेत, असं कितीतरी जाणकार मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. सल्ला खुळा नाही, त्यामागचा हिशेब आधी नीट समजून घ्यायला हवा.

गेम कन्सोलचा, म्हणजे गेम खेळायच्या यंत्रांचा धंदा उधारीवर चालल्यासारखा असतो. यंत्र कमी नफ्यात, कधी चक्क तोट्यात विकायचं आणि पुढे गेमच्या विक्रीतून वसूल करायचं. दुसऱ्या कंपनीनं तुमच्या यंत्रासाठी गेम केला तरी त्यातला साधारण ३० टक्के वाटा तुमचा. सोनीचं प्लेस्टेशन ३ २००६ साली आलं तेव्हा त्याच्या वरच्या मॉडेलची किंमत ६०० डॉलर होती. यंत्र खोलून भागांचा हिशेब मांडणाऱ्यांचा अंदाज होता की ते बनवायलाच ८०० डॉलरच्या वर खर्च येतोय. मायक्रोसॉफ्टच्या एका अधिकाऱ्यानं २०२१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात साक्ष दिली की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीनं कधीच नफा कमावलेला नाही. यंत्र खपलं नाही तर गेम विकायला गिऱ्हाईकच उरत नाही आणि सगळा डाव अंगाशी येतो.

सेगा या दुसऱ्या जपानी गेम कंपनीच्या अंगाशी तो आला. १९९८ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये आलेलं त्यांचं ड्रीमकास्ट हे सुंदर यंत्र होतं. त्याच्या मेमरी कार्डाला स्वतःचा इवलासा पडदा होता. ते कार्ड कंट्रोलरमध्ये खोचायचं किंवा काढून नुसतं त्याच्यावरच खेळायचं. पण जेमतेम ९० लाख यंत्रं खपली आणि ३१ जानेवारी २००१ रोजी सेगानं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी आपली कोट्यवधी डॉलरची खासगी संपत्ती कंपनीला देऊन टाकली आणि मार्चमध्ये ते वारले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सेगाच्या गेमचा नायक सोनिक निन्टेन्डोच्या गेमक्यूब या यंत्रावर धावत होता. सेगा जगली, आजही चांगले गेम करते. मात्र पडदा असलेल्या मेमरी कार्डासारखी वस्तू त्यानंतर तिच्याकडून आली नाही.

निन्टेन्डोवर ही वेळ २०१४ मध्ये आली होती. वी यू हे यंत्र त्या आर्थिक वर्षात ९० लाख खपेल असा कंपनीचा अंदाज होता, तो जानेवारीत २८ लाखांवर आणावा लागला. अध्यक्ष सातोरू इवाता यांनी काही महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला. 'आता सेगाची वाट धरा' असा सूर तेव्हा जोरात होता. ती वाट धरली असती तर काय गेलं असतं, हे कळायला अजून आठ वर्षं मागे, २००६ च्या 'वी' या यंत्राकडे जावं लागेल.

वीच्या रिमोटमध्ये ॲनालॉग डिव्हायसेस या कंपनीची एक चिप होती. तिच्या आत सिलिकॉनची अतिसूक्ष्म पाटी सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर टांगलेली असते. एसटीनं करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे झुकतात, तसंच हात झटकला की ही पाटी किंचित मागे राहते. पाटीच्या कडेला फणीसारखे दात आणि ते दुसऱ्या, स्थिर फणीच्या दातांमध्ये अडकवल्यासारखे बसवलेले. पाटी हलली की दातांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर त्यांच्यात विद्युतभार साठण्याची क्षमता बदलते. तो बदल मोजला की हात किती जोरात आणि कुठल्या दिशेला हलला ते समजतं. अशा चिपा त्याआधी कित्येक वर्षं मोटारीतल्या एअरबॅगला धडक ओळखून देत होत्या.

रिमोटनं पडद्याकडे रोख धरायचा तर टीव्हीवर एक पट्टी ठेवावी लागे. तिला सेन्सर बार म्हणत, पण ती स्वतः काहीच ओळखत नसे. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणारे अवरक्त दिवे होते आणि त्यांना पाहणारा कॅमेरा रिमोटच्या नाकात होता. दोन ठिपके कुठे दिसतात यावरून रिमोट कुठे रोखलाय ते ठरायचं. पट्टी बिघडली तेव्हा काही लोकांनी टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या लावून पाहिल्या आणि गेम व्यवस्थित चालला, कारण ज्योतीतूनही अवरक्त किरण निघतात. मला हा किस्सा फार आवडतो. प्रतिस्पर्ध्यांच्या यंत्रांपेक्षा ताकदीनं कितीतरी कमी असलेलं हे यंत्र १० कोटींहून अधिक खपलं आणि कधी कंट्रोलर हातात न धरलेले आजी-आजोबा त्यावर बोलिंग खेळले.

याला योकोईंनी एक नाव दिलं होतं. मराठीत मी त्याला 'मुरलेल्या तंत्रज्ञानाचा आडवा विचार' म्हणेन. नव्याकोऱ्या, महागड्या शोधामागे धावायचं नाही. जे तंत्र मुरलंय, स्वस्त झालंय, ज्याचे गुणदोष सगळे ठाऊक आहेत, ते उचलायचं आणि ज्याचा कुणी विचारही केला नसेल अशा जागी लावायचं. १९८९ चं गेम बॉय हे हातातलं यंत्र असंच होतं. हिरवट पडद्यावर चारच छटा, पण चार पेन्सिल सेलवर ते दहा तासांहून जास्त चालायचं. सेगाच्या रंगीत गेम गिअरला सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. प्रवासात मुलाच्या हाती कुठलं यंत्र राहिलं असेल ते उघड आहे.

आता स्विच. मार्च २०१७ मध्ये आलेल्या या यंत्राची मुख्य चिप निन्टेन्डोची नाहीच. ती एनव्हिडिया या चिप कंपनीची टेग्रा एक्स१, जी त्या कंपनीच्या टीव्हीला जोडायच्या पेटीत २०१५ पासून होती. चिप दुसऱ्याची, जोडणीही कंत्राटी कारखान्यांत. मग 'स्वतःचं हार्डवेअर' यात निन्टेन्डोचं आहे काय? माझ्या मते उत्तर एका आकडेमोडीत आहे.

स्विच टीव्हीला जोडूनही खेळता येतं आणि हातात घेऊनही. टीव्हीजवळच्या डॉकमध्ये, म्हणजे त्याच्या बैठकीत असताना चित्रं काढणारा भाग ७६८ मेगाहर्ट्झनं धावतो, हातात घेतलं की वेग साधारण निम्म्यावर येतो. चिपला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग कमी केला की व्होल्टेजही उतरवता येतं, म्हणून वेग निम्मा केल्यावर वीज निम्म्याहून पुष्कळ कमी लागते. उष्णता कमी, बॅटरीला आराम. पण वेग निम्मा झाल्यावर गेम रडतखडत चालायला हवा ना? तसं होत नाही. टीव्हीवरच्या चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे जवळपास २१ लाख पिक्सेल असतात आणि स्विचच्या पडद्यावर १२८० गुणिले ७२०, म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आसपास. निम्म्या वेगाला निम्म्याहून कमी काम. पडद्याचा आकार, बॅटरी, पंखा, चिपचा वेग आणि गेमचं चित्र ही सगळी गणितं एकाच टेबलावर बसून सोडवली तरच ती अशी जुळतात. चिप बाजारात मिळते, हे जुळवणं मिळत नाही.

याचा पुरावा हवा असेल तर 'मारिओ कार्ट ८' घ्या. वी यूवर तो ८५ लाखांच्या आसपास खपला. थोडी भर घालून तोच गेम स्विचवर आला आणि साडेसहा कोटींच्या पुढे गेला. वी यूच्या कंट्रोलरलाही पडदा होता, मात्र चित्र खोलीतल्या मुख्य पेटीतून बिनतारी यायचं, त्यामुळे खोली सोडता येत नसे. स्विचमध्ये ती पेटीच हातात आली. वी यू फसलं नसतं तर स्विच सुचलं असतं का, याची मला शंका आहे.

इथे कुणी म्हणेल, सगळ्यांच्या यंत्रांवर विकला असता तर आणखी खपला असता. कदाचित खपलाही असता. पण दुसऱ्याच्या यंत्रावर गेल्यावर गेमचं काय होतं ते आपण पाहिलेलं आहे. डिसेंबर २०१६ मध्ये मारिओ आयफोनवर आला. काचेला बटणं नसतात, अंगठ्याला न पाहता धरता येईल अशी कड नसते. म्हणून त्या गेममध्ये मारिओ आपला आपणच पळतो, आपण फक्त टॅप करून उडी मारायला लावायची. गेम देखणा होता, पण चौतीस वर्षांपूर्वी योकोईंनी अंगठ्याला दिलेलं काम त्यातून गेलं होतं. थांबणं, मागे वळणं, पाईपपाशी घुटमळणं, हे सगळं.

प्रत्येक कंपनीनं यंत्र बनवत राहावं असं मात्र मी म्हणणार नाही. प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स या दोन्हींचं काळीज एएमडी या कंपनीच्या एकाच घराण्यातल्या चिपांचं आहे. सोनीनं निदान कंट्रोलरच्या ट्रिगरमागे छोट्या मोटारी बसवून धनुष्याचा ताण बोटाला जाणवेल असं काही केलं. एक्सबॉक्सच्या खेळात मात्र त्याच यंत्रावाचून अडेल असं फारसं काही नाही. मायक्रोसॉफ्टचा 'फोर्झा होरायझन ५' हा मोटार शर्यतीचा गेम एप्रिल २०२५ मध्ये प्लेस्टेशनवर गेला आणि त्याचं काही बिघडलं नाही. ऑक्टोबरात एक्सबॉक्सच्या नावानं जे हातातलं यंत्र आलं ते असूस या दुसऱ्या कंपनीनं बनवलेलं होतं. मायक्रोसॉफ्टनं उद्या स्वतःची पेटी थांबवली तर खेळणाऱ्याच्या हातातून फारसं काही हिरावलं जाणार नाही.

आणि यंत्र बनवायचं तर त्याची जबाबदारीही घ्यावी लागते, तिथे निन्टेन्डो कमी पडली आहे. स्विचच्या कंट्रोलरची अंगठ्यानं फिरवायची काडी आतल्या कार्बनच्या पट्टीवर घासत फिरते. पट्टी झिजली, धूळ साचली की कुणी हात न लावताही पात्र आपोआप एका बाजूला सरकू लागतं. लोक याला 'ड्रिफ्ट' म्हणतात. अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांना २०२० मध्ये याबद्दल माफी मागावी लागली. चुंबकाचं क्षेत्र मोजणाऱ्या काड्यांत भाग एकमेकांना घासतच नाहीत, त्यामुळे ही झीज होत नाही. तरीही जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ मध्ये त्या वापरलेल्या नाहीत. लहान मुलं ज्या वस्तूला तासन्‌तास पिळतात, तिच्यात हे व्हायला नको होतं. मुरलेलं तंत्र घ्यायचं तर ते टिकाऊही हवं.

त्याच स्विच २ चे कंट्रोलर आडवे करून टेबलावर ठेवले की माऊससारखे सरकतात, कडेला खालचा पृष्ठभाग वाचणारा सेन्सर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये निन्टेन्डोनं त्यासाठी व्हीलचेअर बास्केटबॉलचा एक गेम काढला. दोन्ही हातांत दोन माऊस. दोन्ही पुढे ढकलले की खुर्ची सरळ धावते, एकच ढकलला की वळते, आणि बास्केटजवळ पोचल्यावर हात टेबलावरून उचलून चेंडू फेकायचा. गेम फार गाजला नाही. पण चाकं ढकलताना दंडाला येणारा ताण मात्र खरा असतो.