स्तेफान शापुइझा

शापुइझा, स्तेफान (जन्म : २८ जून १९६९, लोझान) : स्वित्झर्लंडचा निवृत्त फुटबॉलपटू. जर्मनीतील बोरुसिया डॉर्टमुंडचा आघाडीवीर म्हणून त्याची मुख्य ओळख. बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगमध्ये, २२८ सामन्यांत १०६ गोल आणि स्वित्झर्लंडकडून १०३ सामन्यांत २१ गोल अशी त्याची नोंद आहे. चॅम्पियन्स लीग ही युरोपीय क्लबांची सर्वोच्च स्पर्धा जिंकणारा तो पहिला स्विस खेळाडू. चाहत्यांमध्ये तो ‘शापी’ या नावाने ओळखला जातो.

घरात फुटबॉल होताच, पण शापुइझा वेगळ्या प्रकृतीचा. वडील पिएर-आल्बेर ऊर्फ गाबे शापुइझा राष्ट्रीय संघातले बचावपटू आणि स्विस मैदानांवरचे धसमुसळे म्हणून प्रसिद्ध. १९८५ मध्ये त्यांच्या एका टॅकलने लुसिएँ फाव्र या खेळाडूचा गुडघा निकामी झाला आणि प्रकरण थेट न्यायालयात गेले. हेच फाव्र पुढे, २०१८ मध्ये, डॉर्टमुंडचे प्रशिक्षक झाले. मुलाच्या खेळात या आडदांडपणाचा मागमूसही नव्हता. तो मितभाषी होता. चेंडू पायाशी खेळवत बचावपटूला हुलकावणी द्यायची आणि धक्काबुक्कीत न अडकता निसटायचे, ही त्याची रीत होती.

१९८७ पासून लोझान-स्पोर्ट संघात त्याने जम बसवला आणि १९८९ मध्ये राष्ट्रीय संघात प्रवेश मिळवला. १९९१ च्या आरंभी तो क्रेफेल्ड शहरातील बायर यर्डिंगेन या संघात गेला. तो संघ त्याच हंगामात खालच्या श्रेणीत ढकलला गेला. शापुइझाच्या वाट्याला तिथे जेमतेम काही सामने आणि चार गोल आले. त्या उन्हाळ्यात डॉर्टमुंडने ओटमार हिट्झफेल्ड यांना प्रशिक्षक नेमले होते. हिट्झफेल्ड स्वतः जर्मन असले तरी त्यांची प्रशिक्षक म्हणून जडणघडण स्वित्झर्लंडमध्येच झाली होती, त्यामुळे तिथल्या खेळाडूंची त्यांना पारख होती. शापुइझाला त्यांनी घेतले, आणि ती निवड लगेच फळाला आली.

१९९१-९२ च्या पहिल्याच हंगामात त्याने लीगमध्ये २० गोल केले. त्या हंगामाचा शेवट जर्मन फुटबॉलमध्ये आजही आठवला जातो. १६ मे १९९२ रोजी, अखेरच्या फेरीपूर्वी, फ्रँकफर्ट, श्टुटगार्ट आणि डॉर्टमुंड हे तिन्ही संघ समान गुणांवर होते. ड्युसबुर्गमध्ये शापुइझाने नवव्या मिनिटालाच गोल करून डॉर्टमुंडला आघाडी दिली आणि सामना १-० असाच संपला. फ्रँकफर्टचा रोस्टॉकमधला आणि श्टुटगार्टचा लेव्हरकूसेनमधला सामना बरोबरीत होता. डॉर्टमुंडचे समर्थक विजेतेपद मिळालेच असे धरून चालले असताना ८६व्या मिनिटाला गिडो बुखवाल्डने श्टुटगार्टचा विजयी गोल केला. डॉर्टमुंड दुसऱ्या क्रमांकावर राहिले. पुढच्या वर्षी संघ यूएफा (युरोपीय फुटबॉल संघटना) चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला, पण इटलीच्या युव्हेंटसने दोन सामन्यांत मिळून ६-१ असे नमवले.

डॉर्टमुंडला १९६३ नंतरचे पहिले जर्मन विजेतेपद १९९५ मध्ये मिळाले. दुर्दैव असे की त्या वसंतात शापुइझाच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता आणि शेवटच्या टप्प्यात तो खेळूच शकला नाही. लार्स रिकेनसारख्या पोरसवदा खेळाडूंनी ती मोहीम तडीस नेली. १९९६ चे विजेतेपदही डॉर्टमुंडकडेच आले. दुखापतीनंतर त्याचा वेग पूर्वीसारखा राहिला नाही असे म्हणतात. खेळातली चतुराई मात्र शाबूत होती.

२८ मे १९९७ रोजी म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत झाली, प्रतिस्पर्धी पुन्हा युव्हेंटस. डॉर्टमुंडच्या कार्ल-हाइंत्स रीडलेच्या दोन गोलांनंतर युव्हेंटसच्या देल पिएरोने अंतर कमी केले होते. सत्तराव्या मिनिटाला शापुइझाला बाहेर बोलावून रिकेनला पाठवण्यात आले, आणि त्याने पहिल्याच स्पर्शात लांबून चेंडू गोलरक्षकावरून जाळ्यात टाकला. डॉर्टमुंड ३-१ ने जिंकले. शापुइझाच्या कारकिर्दीतल्या सर्वोच्च विजयाचे सर्वांत गाजलेले क्षणचित्र तो बाहेर गेल्यावर घडले, हे खरे. तरी आघाडीची फळी सहा वर्षे कोणाभोवती उभी होती, हे विसरता येत नाही. रीडले हवेतल्या चेंडूंचा मालक. शापुइझा डावीकडे सरकून बचावपटूंना जागेवरून हलवायचा आणि मोकळ्या झालेल्या जागेचा फायदा मागून येणाऱ्या मध्यरक्षकांना मिळायचा. नुसते गोल मोजले तर हे काम दिसत नाही.

राष्ट्रीय संघाबाबतही असेच म्हणावे लागेल. १०३ सामन्यांत २१ गोल ही आघाडीवीरासाठी डोळे दिपवणारी संख्या नाही. कुबिलाय त्युर्कयिल्माझ आणि नंतर आलेक्झांडर फ्राय यांनी बरेच जास्त गोल केले. पण १९६६ नंतर विश्वचषकाचे तोंड न पाहिलेल्या स्वित्झर्लंडला १९९४ मध्ये अमेरिकेत नेणाऱ्या संघात तो होता. इंग्लिश प्रशिक्षक रॉय हॉजसन यांनी बांधलेल्या त्या शिस्तबद्ध संघात आयत्या वेळी वेगळे काही करून दाखवणारे थोडकेच होते. त्यांत शापुइझा आघाडीवर. पात्रता फेरीत इटलीविरुद्ध काल्यारीत झालेल्या २-२ अशा बरोबरीत त्याने गोल केला. विश्वचषकात पाँटिअॅकच्या छताखालच्या स्टेडियममध्ये स्वित्झर्लंडने रुमेनियाला ४-१ असे हरवले, त्यातला दुसरा गोल त्याचा होता. पुढच्या फेरीत स्पेनने ३-० ने वाट अडवली. १९९६ आणि २००४ च्या युरोपियन स्पर्धांतही तो संघात होता. २००४ मध्ये त्याचे वय पस्तिशीला टेकले होते. यूएफाच्या पन्नाशीनिमित्त स्विस फुटबॉल संघटनेने मागील अर्धशतकातला आपला सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली.

१९९९ मध्ये तो मायदेशी परतला. सहसा असे परतणे म्हणजे निवृत्तीपूर्वीचा निरोपाचा दौरा असतो. शापुइझाने तसे होऊ दिले नाही. झ्युरिकच्या ग्रासहॉपरकडून २००१ चे लीग विजेतेपद आणि त्या हंगामातील सर्वाधिक गोलांचा संयुक्त मान त्याने मिळवला. २००२ मध्ये तो बर्नच्या यंग बॉयज संघात गेला. तिथे २००३-०४ मध्ये २३ गोल करून तो पुन्हा लीगमध्ये अव्वल ठरला. अखेरचा २००५-०६ चा हंगाम त्याने लोझानमध्ये, तेव्हा दुसऱ्या श्रेणीत असलेल्या संघासाठी खेळून संपवला.

निवृत्तीनंतर त्याने प्रशिक्षकपदाच्या झगमगाटापेक्षा खेळाडू हेरण्याचे काम पत्करले आणि यंग बॉयजसाठी तो नवे खेळाडू शोधू लागला. या क्लबने २०१८ मध्ये, ३२ वर्षांनंतर, स्विस लीग जिंकली.