मागवजन

मागवजन : उभ्या मागावर ताण्याचे (कापडाच्या लांबीच्या दिशेने जाणारे) धागे ताठ राहावेत म्हणून खाली टांगायचे मातीचे वजन. प्राचीन ग्रीसमधील घरे व शेतघरे खणताना ही वजने वारंवार सापडतात. कापड कुजते, लाकडी माग नाहीसा होतो. मागे राहतात ती वजने आणि सूत कातायच्या चातीच्या मातीच्या चकत्या. (नेवासे व चांडोली येथे ताम्रपाषाणयुगीन मण्यांतला धागा तांब्याच्या सान्निध्यामुळे टिकला, असे भाग्य क्वचितच लाभते.)

हा माग भिंतीला किंचित कलता टेकवतात. वरच्या दांड्यापासून ताणा खाली सोडतात. विणकाम वरून सुरू होते व बाणा (ताण्यातून आरपार ओवायचा धागा) वरच्या दिशेने ठोकतात. आपल्या खड्डामागावर ताणा आडवा असतो, त्यामुळे तिथे अशी वजने लागत नाहीत. धागे थेट वजनाच्या भोकात ओवले तर घासून तुटतात. म्हणून भोकातून दोरीचा फास काढून त्याला धाग्यांची जुडी बांधतात. जास्तीचा ताणा वजनाजवळ गुंडाळून ठेवतात आणि विणलेले कापड वर गुंडाळले गेले की तेवढा सोडतात.

वजन कालवलेल्या मातीचे, मनोऱ्यासारखे निमुळते, शंकूसारखे किंवा चकतीसारखे घडवतात. माती ओली असतानाच वरच्या बाजूला काडीने भोक पाडतात, मग वाळवून भाजतात. काहींवर अंगठीचा ठसा असतो, काहींवर नुसता नखाचा.

अभ्यासात आकारापेक्षा वजन आणि जाडी महत्त्वाची. समजा, बारीक सुताच्या एका धाग्याला १० ग्रॅम ताण लागतो. मग १५० ग्रॅमच्या वजनाला १५ धागे बांधता येतात. साध्या विणीत वजनांच्या पुढे-मागे दोन रांगा असतात. वजन २ सेंमी. जाड असेल तर तेवढ्या रुंदीत ३० धागे, म्हणजे सेंटिमीटरला १५ धागे बसतात. एक मीटर पन्ह्याला अशी १०० वजने लागतील. वजने जरुरीपेक्षा जाड असली तर ताणा खाली फाकतो, पातळ असली तर कापड आत ओढले जाते. एखादे वजन फारच हलके पडले की तेथील धागे सैल राहून वीण बिघडते.

शेतघराची बांधणी कशी होती, हे पाहिल्याशिवाय वजनांचा अर्थ लागत नाही. ॲटिकातील (अथेन्सभोवतालच्या प्रदेशातील) वारी येथे १९६६ मध्ये उत्खनन झालेल्या घराला दगडी जोते, त्यावर कच्च्या विटांच्या भिंती, मधोमध अंगण आणि कोपऱ्यात जाड पायाचा बुरूज होता. तेथे आतून रेघोट्या ओढलेली, मधमाश्या पाळायची मातीची भांडीही मिळाली. अशा घरांचे छप्पर गेले की पावसाने विटा विरघळतात आणि जमिनीवर मातीचा जाड थर साचतो. न भाजलेली वजने त्यात बेमालूम मिसळतात व कुदळीच्या एका घावात जातात. म्हणून जमिनीच्या जवळ येताच कुदळ ठेवून करणी आणि ब्रश हातात घ्यावा. घर जळाले असेल तर कच्ची वजनेही आगीत भाजून टिकतात.

वजन उचलण्यापूर्वी त्याची जागा नकाशावर नोंदवणे अत्यावश्यक आहे. ओळीने पडलेली वजने उभा माग दाखवतात, ओळीच्या लांबीवरून पन्हा कळतो. एकत्र ढीग असेल तर ती टोपलीत ठेवलेली असावीत. विटा-कौलांच्या ढिगात वरच्या पातळीवर मिळाली तर माळ्यावरून पडली असण्याची शक्यता असते. धुऊन, पूर्ण वाळवूनच तोलावीत. भोकात अडकलेली माती आकडा फुगवते. टवका उडालेल्या वजनाची नोंद वेगळी करावी.

भोक असलेला प्रत्येक मातीचा गोळा मागाचा नसतो. ब्रिटनमधील लोहयुगीन त्रिकोणी ठोकळे दीर्घकाळ मागवजने मानले गेले. आता त्यांतील बरेचसे चुलीचे किंवा भट्टीचे आधार असावेत, असे मत आहे. भोकाच्या वरच्या काठाला दोरीने गुळगुळीत झालेली खाच दिसते का, हे भिंगातून पाहावे.