जात्यावरची ओवी

महाराष्ट्रातल्या बायका पहाटे दळण दळताना रचत आणि गात आल्या ती छोटी रचना, बहुतेक वेळा दोन ओळींची. माहेर, भाऊराया, लेकरं, पंढरीची वारी हे नेहमीचे विषय सगळ्यांनाच माहीत आहेत, त्यामुळे या नोंदीत भर आहे तो बाईने बाईपणाच्या नियमांना उलट उत्तर दिलंय अशा ओव्यांवर.

ओवी किती जुनी यावर बरंच लिहिलं गेलंय. सगळ्यात जास्त उद्धृत होणारा पुरावा म्हणजे चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावरचा संस्कृत ग्रंथ 'मानसोल्लास' (साधारण 1129), त्यात महाराष्ट्रातल्या बायका 'कंडन' करताना ओवी गातात असं म्हटलंय. आता कंडन म्हणजे कांडण, उखळ-मुसळाचं काम, दळण नव्हे, त्यामुळे काटेकोर बघितलं तर हा जात्याचा पुरावा नाही, पण बायकांच्या कष्टाच्या गाण्याचा नक्कीच आहे आणि पुष्कळ लेखक हा फरक न करताच पुढे जातात. तेराव्या शतकातल्या शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'तही ओवीची दखल आहे. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे 1290 ची, आणि तिच्यातली ओवी साडेतीन चरणांची, पहिल्या तीन चरणांना यमक आणि चौथा आखूड, मोकळा. यावरून वाद असा की ग्रंथातली ओवी संस्कृतातल्या अनुष्टुभ छंदातून आली की बायकांच्या गळ्यातून उचलली गेली. पक्का निकाल लागलेला नाही, तरी उपलब्ध नोंदी बघता गायची ओवी आधी आणि वाचायची नंतर हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

दळायला बहुधा दोघी समोरासमोर बसायच्या, खुंट्याला दोघींचे हात, एकीने वैरण (जात्यात मूठमूठ धान्य) घालायची, एकीने ओळ काढली की दुसरीने उचलायची. सुनेनं मोठ्यानं बोलायचं नाही हा घरचा नियम, पण जात्यावर गळा काढलेला चालायचा, तिथे तिला कोणी गप्प करत नसे (देवाचं नाव पहिल्या ओवीत घेतलेलं असायचं, त्यानेही काम सोपं होत असावं). लेकाला राघू, लेकीला मैना, जिवाभावाच्या मैत्रिणीला सई अशी हाक, म्हणजे खरं नाव न घेता सगळं सांगून मोकळं. साने गुरुजींनी 1940 च्या सुमारास 'स्त्रीजीवन'मध्ये अशा ओव्या छापल्या. त्या परंपरेतली एक फारच प्रसिद्ध आहे, थोड्याफार पाठभेदाने सगळीकडे सापडते:

बाईचा जन्म नको घालू सख्या हरी
रात्र ना दिवस परक्याची ताबेदारी

हिच्यात तक्रार हरीकडे आहे पण ऐकणारी समोर बसलेली जाऊ आहे, आणि तीही तेच भोगतेय. सीतेच्या वनवासाच्या ओव्यांतही हेच होतं, पुराणकथा सांगायची म्हणून सांगायची आणि मधेच बाजू सीतेची घ्यायची, रामाची नाही. तारा भवाळकरांनी या सीतागीतांवर मुद्दाम लिहिलंय.

याला विद्रोह म्हणावं का? काही अभ्यासकांच्या मते ही नुसती वाफ, दळण संपलं की बाई परत चुलीपाशी, व्यवस्था जागच्या जागी. ओव्या गोळा करणारे अभ्यासक गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी मात्र ओवीकडे बाईची स्वतःबद्दलची जाण म्हणून पाहिलं. दुसरं मत जास्त टिकतं असं वाटतं, कारण वाफ असती तर विरून गेली असती, इथे तर एकीची ओळ दुसरीने पाठ केली, बदलली आणि लेकीबरोबर सासरी धाडली.

संतकवयित्रींचं नातं जात्याशी जवळचं आहे. जनाबाईच्या नावावरचा 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' हा अभंग सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि दळताना विठ्ठल तिच्या मदतीला येतो ही कथाही, म्हणजे देवाला बायकी काम लावून दिलेलं. जनाबाईचे अभंग नामदेवाच्या गाथेतून आपल्यापर्यंत आले, त्यामुळे नेमके कोणते तिचे यावर मतभेद आहेतच. सोयराबाईने विटाळाच्या कल्पनेलाच प्रश्न विचारला. सतराव्या शतकातल्या बहिणाबाईने (शिऊरची, साधारण 1628–1700) वेद-पुराणं बाईला परमार्थापासून दूर लोटतात हे आपल्या अभंगांत सरळ मांडलं, वर आत्मचरित्रही अभंगातच लिहिलं. तिची आणि खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींची (1880–1951) गल्लत नेहमी होते. चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांची गाणी 1952 मध्ये त्यांच्या पश्चात पुस्तकरूपाने आली.

वीज आणि पिठाची गिरणी गावोगाव पोचली तशी दळणाची पहाट मोडली. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांनी मात्र जुन्याच चालीत बाबासाहेबांवर ओव्या रचल्या, विठ्ठलाच्या जागी भीमराव आले. संकलनाचं मोठं काम सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीतर्फे केलं, इंदिरा संतांनी 'मालनगाथा' केली, आणि प्वातवँ-राईरकर यांच्या गटाने हजाराहून जास्त गावांतून लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या 2017 पासून 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर येतायत. छापील संग्रहांची अडचण अशी की त्यांत शब्द आहेत, चाल नाही, बऱ्याचदा गाणारीचं नावही नाही. प्वातवँ-राईरकर गटाचं ध्वनिमुद्रण मुख्यतः 1990 च्या दशकातलं, तोवर बऱ्याच गाणाऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या आणि नुसत्या आठवणीतून गात होत्या.