रग्बी लीगमधील बदली खेळाडूंच्या नियमातील पळवाटा

रग्बी लीगमध्ये एका संघाचे 13 खेळाडू मैदानात उतरतात आणि पारंपरिक रचनेत चार जण बाकावर असतात. बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा आत येऊ शकतो. या अदलाबदलीला इंटरचेंज म्हणतात. तिची संख्या मर्यादित असल्यामुळे, हिशेबात न धरला जाणारा बदल पदरात पाडून घेणे हे बहुतेक पळवाटांचे सूत्र असते.

ब्रिटनमध्ये 1964 साली बदली खेळाडूला परवानगी मिळाली, तीही मध्यंतरापूर्वी कुणी जखमी झाला तरच. ऑस्ट्रेलियात 1991 पासून अमर्याद इंटरचेंज होते. 2001 मध्ये 12, 2008 मध्ये 10 आणि 2016 मध्ये 8 बदलांची मर्यादा आली. मर्यादा जितकी घट्ट, तितका फुकटचा बदल मोलाचा. त्याची सर्वाधिक गरज प्रॉप खेळाडूंना भासते. सतत टक्कर घेणारे हे धिप्पाड गडी साधारण वीस-पंचवीस मिनिटांत दमतात आणि त्यांना विश्रांती देऊन परत आणावे लागते.

सर्वात नाजूक पळवाट डोक्याच्या दुखापतीची आहे. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल रग्बी लीगमध्ये (एनआरएल) 2014 पासून मेंदूला धक्का बसल्याची शंका आली, तर खेळाडूला तपासणीसाठी बाहेर नेले जाते. तो 15 मिनिटांत परतला, तर बदल मोजला जात नाही. सवलत योग्यच आहे, कारण ती नसेल तर बदल वाचवण्यासाठी संघ जखमी माणसाला खेळवत राहतील. पण थकलेल्या फॉरवर्डला (प्रॉपसारख्या आघाडीच्या खेळाडूला) किरकोळ धक्क्यानंतर बाहेर बोलावले, तर तीच 15 मिनिटे विश्रांतीची ठरतात. लबाडी सिद्ध करणे जवळजवळ अशक्य, कारण चक्कर किंवा डोकेदुखी फक्त खेळाडूलाच जाणवते. उलट गैरवापर अधिक घातक आहे: शंका असूनही खेळाडूला मैदानात ठेवणे. अशा हलगर्जीबद्दल 2017 मध्ये तीन क्लबांना दंड झाला. 2022 पासून स्वतंत्र डॉक्टर चित्रणावर नजर ठेवून खेळाडूला बाहेर काढू शकतात. निर्णय क्लबच्या हातून काढून घेणे हाच खरा इलाज होता.

दुसरी युक्ती म्हणजे जमिनीवर पडून राहणे. खेळ थांबला की बचाव करणाऱ्या संघाला रांग जमवायला वेळ मिळतो. म्हणून 2021 मध्ये नियम आला की, दुखापत पाहायला मैदानात येणाऱ्या संघाच्या साहाय्यकाने (ट्रेनरने) खेळ थांबवायला लावला, तर त्या खेळाडूला बदलावे किंवा किमान दोन मिनिटे बाहेर ठेवावे.

त्याच वर्षी अठरावा खेळाडू, म्हणजे नेहमीच्या 17 जणांपलीकडचा एक राखीव गडी, आला. त्याची रचना विचारपूर्वक केलेली आहे: तो तपासणीत नापास झालेल्यांच्या किंवा धसमुसळ्या खेळाने जायबंदी झालेल्याच्या जागी येतो, आणि बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे विश्रांतीचा फायदा उरत नाही.

मोजणीत चूक झाली तरी शिक्षा जबर असते. 2009 मध्ये पेनरिथविरुद्धच्या सामन्यातील इंटरचेंज-भंगाबद्दल कँटरबरी बुलडॉग्जचे दोन गुण कापले गेले, आणि साखळी फेरीअखेर हा संघ दुसऱ्या क्रमांकावर राहिला.