झाडाची मुळं झाडाइतकीच खोल जातात का?

‘झाड जेवढं उंच, तेवढी मुळं खोल, म्हणून बागेत खोडापर्यंत फरशी घातली तरी बिघडत नाही,’ असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. चित्रात तो पटतोही. पण मुळांनाही श्वासासाठी हवा लागते आणि खालच्या घट्ट मातीत ती फारशी नसते. त्यामुळे कोरड्या प्रदेशातली काही झाडं सोडली, तर बहुतेक मुळं वरच्या 1 मीटरमध्येच असतात. पाणी शोषणारी बारीक मुळं तर त्याहूनही वर, आणि ती फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत आडवी पसरतात.

पावसाळ्यात उन्मळून पडलेला गुलमोहर जवळून पाहा. मुळांचा गड्डा परातीसारखा पसरट दिसेल. फुटपाथवरचे पेव्हर ब्लॉक उचलले जातात तेही याच मुळांमुळे. खोडाभोवती निदान 1 मीटर माती उघडी ठेवाच. जुन्या वडाला कितीतरी जास्त लागते.