आवडीचा कागद

चवथीला भाची घरी आली तेव्हा तिच्यापुढे मी एक कागद ठेवला. फोंड्याला वसतिगृहात राहून शिकते, वय १९. कागदावर पंचवीसेक नावं आणि प्रत्येक नावापुढे एक आडवी रेघ. रेघेच्या डाव्या टोकाला 'अजिबात नको', मधोमध 'काहीच वाटत नाही' आणि उजव्या टोकाला 'याहून जास्त काही आवडूच शकत नाही'. मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची भाजी), बांगड्याचं हुमण (माशांची कढी), मुळ्याची भाजी, गोबी मंचुरियन, उकड्या तांदळाची पेज, थंड पेय, कलिंगड, पिझ्झा, कारलं, बन्स. मधूनच खाण्याशी संबंध नसलेल्या गोष्टी: मांडवीवरचा संध्याकाळचा वारा, परीक्षेच्या आदल्या रात्रीचं जागरण, आजीने डोक्यावरून फिरवलेला हात.

"मावशी, वाऱ्याचा आणि जेवणाचा काय संबंध?" तिने विचारलं.

संबंध आहे. काही माणसं बोलतानाच भरभरून बोलतात. त्यांना सगळं 'खूप' आवडतं. काहींच्या तोंडून 'बरं आहे' निघालं तरी ती मोठी दाद असते. दोघांच्या 'खूप'ची तुलना करायची तर खाण्याबाहेरच्या सुखदुःखांचं मापही हाताशी हवं. अमेरिकेत कनेटिकट विद्यापीठातल्या व्हॅलरी डफी आणि त्यांचे सहकारी अशाच पद्धतीने, उणे १०० ते अधिक १०० अशा पट्टीवर, लोकांच्या आवडी मोजत आले आहेत. त्या आवडींवरून माणसाच्या आहाराचा दर्जा किती ओळखता येतो, हा त्यांच्या कामाचा विषय. महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवताना हे काम माझ्या वाचनात आलं आणि मला ते फार शहाणपणाचं वाटलं.

कारण आहार मोजणं हे भलतं अवघड काम आहे. 'काल दिवसभरात काय काय खाल्लं?' असं विचारून पाहा. सकाळचा भाजी-पाव आठवतो, त्याच्यासोबतची मिरची भजी विसरली जाते. चहातली साखर कोण मोजतं? शिवाय समोर आहारतज्ज्ञ बसलेली असली की तळलेलं आपोआप कमी होतं आणि पालेभाजी आपोआप वाढते. शरीर खरोखर किती ऊर्जा खर्च करतं, हे विशेष प्रकारचं पाणी पाजून नेमकं मोजता येतं. तशी मोजमापं झाली तेव्हा लोक आपलं खाणं बरंच कमी सांगतात हे पुन्हा पुन्हा दिसून आलं. आवड सांगताना मात्र माणूस एवढा सावध नसतो. आणि आवड ही एका दिवसाची गोष्टही नव्हे, वर्षानुवर्षं ताटात जे येत गेलं त्याचा तो साका असतो. माशांच्या कढीला उजवं टोक आणि भाज्यांना सरसकट डावं टोक देणाऱ्याच्या ताटात काय असेल, हे ताट न बघताही बऱ्यापैकी सांगता येतं.

गोव्यात हा विषय मला तातडीचा का वाटतो, ते एका आकड्यावरून सांगते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी मधुमेह पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. २० वर्षांवरच्या १ लाख १३ हजार लोकांची ही पाहणी. देशात मधुमेहाचं प्रमाण ११.४ टक्के निघालं. गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. चारातला एक. आपल्याकडे वयस्क माणसं जास्त आहेत, राज्य बरंचसं शहरी झालं आहे, म्हणून सगळं खापर जेवणावर फोडणं चुकीचं ठरेल. पण पन्नाशीत दिसणाऱ्या मधुमेहाची तयारी विशीत सुरू झालेली असते, आणि तेव्हा ती बाहेरून दिसत नाही.

ही न दिसण्याची गोष्ट आपल्या लोकांबाबत जास्तच खरी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघेही सडसडीत, दोघांचा वजन-उंचीचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वर्गात हा फोटो दाखवला की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करून बघतात. 'मी काही जाड नाही' हे त्या वयातलं सगळ्यात आवडतं उत्तर, आणि ते उत्तर आपल्या शरीराला लागू पडत नाही.

विशीतल्या खाण्याचे परिणाम पुढे किती लांब जातात, याचा एक चांगला माग अमेरिकेत काढला गेला. १९८५-८६ साली १८ ते ३० वयाच्या पाच हजारांवर तरुणांची नोंद करून वर्षानुवर्षं त्यांची तपासणी होत राहिली. त्यातल्या तीन हजार जणांच्या १५ वर्षांच्या नोंदी पाहिल्या तेव्हा, आठवड्यातून दोनदाहून जास्त फास्ट फूड खाणाऱ्यांचं वजन एकदाहून कमी खाणाऱ्यांपेक्षा साडेचार किलोने अधिक वाढलेलं होतं. इन्सुलिनला दाद न देण्याचा शरीराचा दोषही त्यांच्यात दुपटीने वाढला होता. असा माग काढून कारण पक्कं ठरत नाही. बाहेर जास्त खाणाऱ्याचं बाकीचं आयुष्यही वेगळं असू शकतं. तरी खूण दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

मग या आवडी येतात कुठून? पहिला धागा आईच्या पोटातला. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला यांनी काही गरोदर बायकांना गाजराचा रस पाजला, काहींना नुसतं पाणी. २००१ साली त्यांनी मांडलेले निष्कर्ष असे की, रस प्यायलेल्या आयांच्या बाळांना पुढे गाजराची चव असलेलं खाणं अधिक रुचलं. डोहाळजेवणाच्या पानात तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ वाढणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

दुसरा धागा जनुकांचा. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती जहर कडू लागली आणि फॉक्सला तिची चवच आली नाही. हा फरक जन्मजात असतो, आणि मुळा, कोबी, मोहरीचा पाला यांतला कडवटपणा कुणाला किती झोंबतो याचा त्याच्याशी संबंध आहे. माणसाच्या जिभेवर कडू ओळखणारे पंचवीसेक वेगवेगळे ग्राहक, म्हणजे चव पकडणारे रेणू, असतात. कारल्याचा कडूपणा ओळखणारे वेगळे, मुळ्याचा वेगळे. त्यामुळे घरातल्या एखाद्याला मुळा खरंच सोसत नसेल. त्याला 'नाटकी' म्हणू नये.

तिसरा धागा घराचा, आणि इथेच १८-१९ हे वय महत्त्वाचं ठरतं. ब्रिटनमध्ये जुळ्या भावंडांच्या आवडींचा अभ्यास झाला आहे. लहानपणी घरातल्या सामाईक वातावरणाचा आवडींवर चांगलाच प्रभाव दिसतो. पण १८-१९ वर्षांच्या जुळ्यांवरचा जो अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला, त्यात तो प्रभाव जवळजवळ पुसला गेलेला आढळला. भाज्यांच्या आवडीत माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला निम्म्याच्या आसपास वाटा जनुकांचा. उरलेला वाटा ज्याच्या त्याच्या स्वतःच्या जगाचा: मित्र, कँटीन, खोलीतली इलेक्ट्रिक किटली, रात्री अकराला चालू असलेला गाडा. आईने पंधरा वर्षं लावलेलं वळण वसतिगृहाच्या दोन वर्षांत कसं सुटतं, हे अनेक घरांनी पाहिलेलं आहे. मला मात्र या निष्कर्षात धीर देणारीही बाजू दिसते. आवडी त्या वयात हलतात, तर चांगल्या दिशेनेही हलू शकतात.

भाचीचा कागद परत आला तो पाहू. हुमण उजवीकडे, अगदी आजीच्या हाताच्या जवळ. गोबी मंचुरियन त्याच्याही पुढे. मुगागाठी मध्यावर, मुळा डावीकडे, आणि कारल्यापुढची खूण एवढ्या जोराने मारलेली की पेनचं टोक कागदातून पार गेलं होतं. पेजेपुढे तिने खूणच केली नव्हती. "तिथे मिळत नाही गं, त्यामुळे आठवतच नाही आवडते की नाही," असं म्हणाली. या एका वाक्यावर मी बराच वेळ विचार करत राहिले. जे समोर येत नाही त्याची आवड विझते, नावडसुद्धा उरत नाही.

याची उलट बाजू अमेरिकी संशोधक लिअन बर्च यांनी १९८२ सालीच दाखवली होती. दोन वर्षांच्या मुलांना नवीन पदार्थ कमीअधिक वेळा चाखायला दिले. जो पदार्थ जास्त वेळा चाखला तोच अधिक आवडता झाला. काही पदार्थ तर वीस वेळांपर्यंत दिले होते. आपण दुसऱ्या घासाला हार मानतो.

गोबी मंचुरियनबद्दल थोडं बोलायलाच हवं. म्हापसा नगरपालिकेने २०२४ साली त्याचे गाडे बंद करायचं ठरवलं तेव्हा चर्चा झाली ती रंगाची आणि अस्वच्छतेची. ती रास्तच होती. पण रंग काढला आणि हात स्वच्छ धुतले, तरी पिठात घोळून तळलेला, खारट-गोड सॉसमध्ये बुडवलेला कोबी तसाच राहतो. तो पटापट गिळला जातो, हा त्याचा मोठा गुण आणि तोच दोष.

हे मी केव्हिन हॉल यांच्या प्रयोगाच्या आधाराने म्हणते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत त्यांनी २० जणांना चार आठवडे ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात अतिप्रक्रिया झालेलं अन्न, दोन आठवडे साधं, स्वयंपाकघरात रांधलेलं. दोन्हींत पुढ्यात ठेवलेल्या ताटाचे उष्मांक, साखर, मीठ, चरबी, तंतू सारखे, आणि पोटभर खायची मुभा. पहिल्या प्रकारच्या अन्नावर माणसं रोज ५०० उष्मांक जास्त खात होती. दोन आठवड्यांत वजन सुमारे ९०० ग्रॅमने वाढलं आणि साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. मला सगळ्यात मोलाचा वाटलेला भाग पुढचा आहे. चव कशी वाटली असं विचारल्यावर लोकांनी दोन्ही प्रकारांना जवळपास सारखीच पसंती दिली. जास्त खाल्लं गेलं त्याचं कारण जास्त आवड, असं म्हणायला जागा नव्हती. पण ते अन्न मऊ होतं, भराभर खाल्लं जात होतं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूत पोचेपर्यंत ताट रिकामं होत असावं.

म्हणून मला पोई आठवते, आपला गोव्याचा कोंड्याचा पाव. पहाटे पदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा वाजला की पिशवी घेऊन फाटकाशी जायचं. पाव मैद्याचा, बोटांनी दाबला की पिठाच्या गोळीएवढा होतो. चार घासांत दोन पाव संपतात. पोईत गव्हाचा कोंडा असतो, ती तोडावी लागते, चावावी लागते, आतल्या पोकळीत अळसांद्यांची (मोठ्या चवळीची) पातळ भाजी भरली की एका पोईत न्याहारी होते. हल्ली वरून कोंडा भुरभुरलेली, आतून मैद्याचीच पोई सर्रास मिळते. तेव्हा तोडून आतला रंग बघावा. तांदळाचंही तेच. भात उकडताना सालाजवळचं ब-१ जीवनसत्त्व दाण्यात आत झिरपतं आणि कांडल्यावरही बरंच टिकतं. पांढऱ्या पॉलिश तांदळात ते फारसं राहत नाही. आणि उकड्या तांदळाचं शीत गिळता येत नाही, चावावंच लागतं.

गोव्यातल्या तरुणांपुढे हुमण नावडीचं करण्याचं काम नाही, हे आपलं भाग्य. बांगडा आणि तारले ही ओमेगा-३ची सगळ्यात स्वस्त खाण आपल्या बाजारात आहे आणि मुलांना ती मनापासून आवडते. अडचण ताटातल्या प्रमाणाची आहे. शिताचा डोंगर, हुमणाचा पाट, एक तळलेला तुकडा आणि भाजी चमचाभर. जागतिक आरोग्य संघटना रोज ४०० ग्रॅम भाज्या आणि फळं सांगते. खतखत्याची (अनेक भाज्या एकत्र शिजवलेल्या रश्श्याची) एक मोठी वाटी आणि दुपारचं एक फळ एवढ्यानेही आपण त्या आकड्याच्या बरेच जवळ जातो. खतखतं वर्षातून चवथीला आणि सणासुदीलाच का शिजावं, हे मला कधी कळलं नाही. तिरफळांचा वास घरभर सुटला की भाजी न खाणाराही पातेल्यात डोकावतो.

मीठ आणि साखर यांच्याबाबतीत जीभ वेगवेगळी वागते, हे ठाऊक असलेलं बरं. १९८२ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात काही तरुणांनी काही महिने मीठ कमी केलं, आणि त्यांची आवडच खाली आली, पूर्वीचं खाणं खारट लागू लागलं. खारं, लोणचं, पापड यांच्याखेरीज घास न उतरणाऱ्यांनी दोन-तीन महिने कळ काढून पाहावी. गोडाचं तसं सरळ नाही. तीन महिने साखर कमी केलेल्यांना तेच पदार्थ अधिक गोड लागू लागले, पण गोड कमी आवडू लागलं असं झालं नाही. म्हणून चहातली साखर उतरवताना मन मागतच राहणार. त्याला मनाचा कमकुवतपणा समजू नये. अर्धा चमचा, मग पाव चमचा, असं हळूहळू जावं.

नरकचतुर्दशीला भाची पुन्हा आली. अंगणात तुळशीपाशी पायाच्या अंगठ्याने कारीट हे कडू फळ फोडलं, रीतीप्रमाणे त्याचा थेंब जिभेला लावला आणि तोंड वेडंवाकडं केलं. मग ताकातले पोहे, गुळाचे पोहे, नारळाच्या रसातले पोहे, आणि मी मुद्दाम केलेल्या मुगागाठी. दुपारी तिने आपणहून जुना कागद मागितला. निळ्या पेनने नव्या खुणा केल्या. कारलं जागचं हललं नव्हतं, मुळाही नाही. मुगागाठी बोटभर उजवीकडे सरकल्या होत्या. पेजेपुढे पहिल्यांदाच एक छोटी उभी रेघ होती, मध्याच्या किंचित पुढे. "मेसच्या काकूंना विचारलं मी," ती म्हणाली. "आजारी मुलांसाठी रोज करतातच म्हणे. आम्ही कधी मागितलीच नव्हती."