आंब्यावरचं बांडगूळ, कुकरमधली आमरी

सात वर्षांपूर्वी किनवटहून नांदेडला येताना रस्तारुंदीत पाडलेला एक जुना आंबा दिसला. ओंडके ट्रॉलीत चढत होते. एका ओंडक्याला दोरीसारख्या जाड, पांढरट मुळ्यांची मिठी मारून एक झाड बसलं होतं. विचारलं तर ट्रॉलीवाला म्हणाला, "न्या की काका, बांडगूळच हाय ते."

ते बांडगूळ नव्हतं. ती वांडा टेसेलाटा होती, आपल्याकडची रास्ना, म्हणजे आमरी. इंग्रजाळलेल्या भाषेत ऑर्किड. बांडगूळ फांदीच्या लाकडात घुसून झाडाचंच पाणी पितं. रास्नेच्या मुळ्या मात्र सालीला नुसत्या धरून असतात, आंब्याचा एक थेंबही घेत नाहीत. यात ट्रॉलीवाल्याची फार चूक नाही म्हणा. संस्कृतात 'वंदा' हा शब्द झाडावर वाढणाऱ्या झाडाला सरसकट वापरला जायचा, बांडगुळालाही. त्यावरूनच 'वांडा' हे शास्त्रीय नाव पडलं. पण या गल्लतीपायी बांधावरच्या कित्येक रास्ना कोयत्याखाली जातात.

मराठवाड्याच्या उन्हात ती टिकते कशी, ते घरी बघता येतं. मुळीवर मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण असतं. कोरडं असताना ते चंदेरी दिसतं. त्यावर पाणी फवारा, बघता बघता मुळी हिरवी होते. आवरण पाण्याने भरलं की आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. शिवाय ही आमरी पानांची छिद्रं मुख्यतः रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा छिद्रं मिटून त्याचं अन्न करते. दुष्काळी भागाला शोभेल असाच हा काटकसरीचा संसार.

अडतं ते बियांपाशी. आमरीच्या एका बोंडात हजारो, कधी लाखो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या. ज्वारीच्या दाण्यात कोंबासाठी शिदोरी असते, तशी यांच्यात नसते. सालीतली विशिष्ट बुरशी बीत शिरून तिला भरवते, तेव्हा कुठे बी रुजते. हे कोडं 1899 मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने उलगडलं. पुढे 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नुडसनने दाखवलं की साखर आणि क्षार घातलेल्या 'आगर' नावाच्या जेलीवर बुरशीविनाही बी रुजवता येते. हौशी माणसाच्या हाती खरी किल्ली आली ती तेव्हा.

त्याआधीची हौस म्हणजे निव्वळ ओरबाडणं. 1850 मध्ये जोसेफ हूकरने खासी टेकड्यांतून निळ्या वांडाची सात माणसांची ओझी लंडनच्या क्यू उद्यानासाठी गोळा केली. त्यातली जिवंत पोचली मोजकीच. आज आमरीचं सगळं कुळ 'साइटीस' या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लगाम घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. तरीही जंगलातून उपटलेली झाडं विकली जातात आणि स्वस्त म्हणून आपणच घेतो. मुळ्यांना साल चिकटलेली, पानं फाटकी, कुंडी नाही, असं झाड कोणी दाखवलं तर ते रानातलंच समजावं.

माझी रास्ना दुसऱ्या उन्हाळ्यात फुलली. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी चौकटी, ओठासारखी पाकळी जांभळी. त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या आंब्याची रास्ना एका मित्राने वाचवली होती, तिचा पराग आणला. आमरीचा पराग पिठासारखा उडत नाही. त्याच्या मेणासारख्या पिवळ्या गोळ्या असतात, टूथपिकच्या टोकाला चिकटून येतात. बोंड पिकायला कित्येक महिने गेले. मग स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. चायना ग्रास (ते आगरच), साखर, थोडं खत, नारळपाणी, सगळं बाटल्यांत भरून कुकरमध्ये निर्जंतुक केलं. पहिल्या बारा बाटल्यांपैकी नऊंमध्ये काळी बुरशी आली. घरच्यांचे शेरे इथे देत नाही. उरलेल्या तिन्हींत मोहरीहून बारीक हिरवे मणी दिसले, तेव्हा मात्र सगळे भिंग मागायला आले.

गॅलरीतल्या रंगीत संकरित आमरींनी संवर्धन होतं, असं मला वाटत नाही. त्या जोपासाव्यात, मजेसाठी. जंगली जातीच्या रोपाला खरी किंमत येते ती त्याच्या चिठ्ठीमुळे: कुठल्या गावच्या, कुठल्या झाडावरची, कधी फुलली. चिठ्ठी हरवली की ते नुसतं शोभेचं झाड. फोटो टाकताना मात्र नेमकी जागा देऊ नये, चोरही फोटो बघतात. आणि कुकरची मर्यादा विसरू नये. मोठं रोप नव्या फांदीवर तग धरेल, पण त्याची बी तिथे रुजायला सालीत ती बुरशी हवीच. म्हणून माझ्या शंभर बाटल्यांपेक्षा खडबडीत सालीचा एक जुना आंबा मोलाचा.

यंदा मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर बांधावरच्या आंब्याला पाच रोपं सुतळीने बांधली. शेजारच्या शेतातले मामा बराच वेळ बघत उभे होते. शेवटी म्हणाले, "चांगल्या झाडाला बांडगूळ कामून लावायलात?"